एका माणसाची निवड समिती

देवानंद रामटेके यांना आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा पगार मिळाला. सांता क्लारातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत ते टेस्टर होते. तरुण पोरं प्रोग्रॅम लिहीत आणि तो कुठे मोडतो ते देवानंद बघत. घरी हेच काम रत्नाबाई त्यांच्यावर बिनपगारी करीत. पुढे टेस्टिंगही मशीन करायला लागलं, तेव्हा कंपनीने केक कापून, टाळ्या वाजवून त्यांना घरी पाठवलं. तेव्हापासून बारीक नजर भरपूर आणि ती लावायला जागा नाही, अशी त्यांची अवस्था होती. समोरच्या टाउनहाउसातले लोक रीसायकलिंगच्या डब्यात काय चुकीचं टाकतात, इथपर्यंत ती नजर खाली आली होती.

त्यामुळे मार्चमधल्या एका रविवारी शेजारचा राकेश गोंडाणे आला आणि "काका, प्रितमचं काय ते आता तुम्हीच ठरवा," म्हणाला, तेव्हा सगळ्यात जास्त हायसं रत्नाबाईंना वाटलं.

प्रितम हा राकेश आणि उपासनाचा एकुलता एक मुलगा. वय एकवीस, धंदा बेसबॉल. त्यातही कॅचर, म्हणजे बॅटवाल्याच्या मागे मुखवटा घालून उकिडवा बसणारा. आपल्याकडचा विकेटकीपर म्हणा. हायस्कूल संपता संपता एका मोठ्या क्लबने त्याला ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या पोरांच्या वार्षिक निवडीत, उचललं होतं. अगदी शेवटच्या फेरीत उचललं, पण उचललं. बे एरियातल्या आपल्या मंडळींनी पुढच्या भीमजयंतीला शाळेचा हॉल घेतला. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोंना हार घातले आणि मागे बॅनर लावला: 'मेजर लीग बेसबॉलमध्ये निवड झाल्याबद्दल चि. प्रितम गोंडाणे यांचा जाहीर सत्कार'. चि. प्रितम त्या दिवशी ॲरिझोनाच्या उन्हात सराव करत होते, त्यामुळे शाल राकेशच्या खांद्यावर पडली.

"झाला ना काका आता परमनंट?" शाल सावरत राकेशने विचारलं होतं.

"अरे, क्लब मेजर लीगचा आहे, हा नाही. खाली चार पायऱ्यांच्या छोट्या टीम असतात. पोरगा सगळ्यात खालच्या पायरीवर आहे."

"म्हणजे प्रिलिम झाली."

"प्रिलिमचा फॉर्म भरला म्हण."

राकेशचा यात दोष नव्हता. आपल्या लोकांचा निवड या गोष्टीवर फार विश्वास. यादीत नाव आलं, ऑर्डर हातात पडली, की माणूस तरला. पुढे नुसती इन्क्रिमेंट आणि बदल्या. राकेशचे वडील भंडाऱ्याला पोस्टात लागले ते असेच, आणि त्या एका निवडीवर दोन पिढ्या उभ्या राहिल्या. निवड झाल्यावरही माणसाला रोज नव्याने निवडतात आणि कुठल्याही मंगळवारी काढून टाकतात, असं खातं जगात असू शकेल हे राकेशच्या डोक्यात बसत नव्हतं. इतकी वर्षं व्हिसावर नोकरी करूनही बसत नव्हतं, हे विशेष.

आता तीन सीझन झाले होते आणि प्रितम त्याच पायरीवर होता. एका कॉलेजने त्याची जागा राखून ठेवली होती; जानेवारीत येणार की नाही, ते ऑगस्ट संपायच्या आत कळवायचं होतं. राकेशचं म्हणणं, पुरे झालं, परत ये. प्रितमचं म्हणणं, अजून एक वर्ष. उपासनाचं म्हणणं, दोघांनी निदान स्पीकरफोनवर तरी ओरडू नये. शेवटी बाप-लेकांचं एकाच गोष्टीवर एकमत झालं, आणि ती गोष्ट म्हणजे देवानंदकाका. घरांमागच्या पार्कमध्ये प्रितमला पहिल्यांदा चेंडू झेलायला त्यांनीच शिकवलं होतं. तोही क्रिकेटचा, चामड्याचा; नागपूरहून बॅगेतून आणलेला.

"तुम्ही किपर होते," राकेश म्हणाला. "तुम्ही बघा आणि सांगा. चालणार का नाही चालणार. तुमचा शब्द फायनल. तोही हो म्हणतोय."

"मला पूर्ण सीझन लागेल."

"काका यार, मॅच बघायच्या आहेत की पीएचडी करायची आहे?"

पूर्ण सीझन मागण्याचं कारण नागपूरचं होतं, आणि ते राकेशला सांगण्यासारखं नव्हतं.

नागपूरला ते इंदोऱ्यात, आपल्याच लोकांच्या वस्तीत वाढले. कामठी रोडच्या अलीकडे एक उघडं मैदान होतं, त्यावर म्हशी आणि क्रिकेट यांचं वेळापत्रक आपसांत ठरलेलं असे. ग्लोव्हज मोठ्या भावाच्या मित्राचे, आत कापूस भरलेले. त्या ग्लोव्हजमध्ये चेंडू आला की आवाज होत नसे. बघणारे म्हणत, रामट्या चेंडू पकडत नाही, ठेवून घेतो. संध्याकाळी उजेड गेला, चेंडू दिसेनासा झाला, तरी पोरं त्याला उभं करीत, कारण त्याला म्हणे तो ऐकू येई. आजही इकडे फ्रीमाँटच्या घराजवळ कुठे गवतावर पाणी मारलं आणि मातीचा वास आला, की देवानंदांची बोटं आपोआप थोडी वाकतात.

कॉलेजात असताना विद्यापीठाच्या टीमसाठी ट्रायल झाली. मॅटिंगची विकेट. कापडी मांडवात एक निवडकर्ते बशीतून चहा पीत होते.

"पूर्ण नाव?"

"देवानंद तुकाराम रामटेके."

"राहायला?"

"इंदोरा."

निवडकर्त्यांनी मान हलवली. देवानंदांना एक षटक बॅटिंग मिळाली. दोन चेंडू अडवले, एक बॅटची कड घेऊन गेला, एक हुकला, उरलेले दोन सोडले. "किपिंग नंतर बघू," असं कुणीतरी म्हणालं. ते नंतर काही आलं नाही. दुसऱ्या दिवशी बोर्डावर यादी लागली, तीत नाव नव्हतं. तिसऱ्या दिवशी ते पुन्हा जाऊन यादी वाचून आले, कारण याद्या कधीकधी दुरुस्त होतात.

यापलीकडे कुणी काही बोललं नाही. ते षटक देवानंदांनी मनात इतक्या वेळा खेळून घेतलं होतं की त्याच्या खुणा पुसट व्हायच्याऐवजी खोल गेल्या होत्या. आणि त्यातून एक खात्री तयार झाली होती: त्या माणसाने पूर्ण बघितलं असतं, तर घेतलं असतं.

म्हणून पूर्ण सीझन.

प्रितमची टीम अल्मेंड्राला होती. फ्रीमाँटहून डोंगर ओलांडायचा, पवनचक्क्या मागे टाकायच्या, मग खाली व्हॅलीत भट्टीसारखी हवा आणि बदामाच्या बागा सुरू होतात. टीमचं नाव क्रोज. कावळे बदामाची नासाडी करतात म्हणून तिथले शेतकरी दिवसभर त्यांच्यावर फटाके उडवतात, आणि संध्याकाळी कावळ्याचं चित्र असलेली टोपी घालून मॅचला येतात. मधल्या वेळात लहान मुलांना बॅटवर कपाळ टेकवून गरागरा फिरवतात आणि पळायला सांगतात. मुलं भेलकांडत पडतात, आईबाप टाळ्या वाजवतात. खेळाडूंच्या भवितव्याचा निर्णय या वातावरणात होतो, हे देवानंदांना सुरुवातीला पटेना. पण इंदोऱ्याच्या म्हशी आठवल्या आणि पटलं.

"काहून जाता हो सारखं सारखं इतक्या उन्हात?" रत्नाबाई डबा भरून देताना विचारीत. "पोरगा फोनवर दिसते ना."

"फोनवर पाय दिसत नाहीत."

"पायाचं काय करायचं तुम्हाले?"

किपरचं सगळं पायात असतं, हे रत्नाबाईंना लग्न झाल्यापासून सांगून झालेलं होतं.

पहिल्याच दिवशी लाउडस्पीकरवरून घोषणा झाली, "कॅचिंग, प्री-टॅम गॉन-डेन!" आणि देवानंद एकदम ताठ बसले. आडनाव सगळ्या स्टेडियमभर घुमलं आणि एकाही चेहऱ्यावर काही हललं नाही. फ्रीमाँटच्या मराठी गेट-टुगेदरमध्ये आडनाव सांगितलं की समोरचा माणूस हसतमुखाने क्षणभर एक हिशेब करून घेतो. तो हिशेब इथे कुणाला येतच नव्हता. शेजारची बाई सूर्यफुलाच्या बिया सोलत नुसतं म्हणाली, "आमचा कॅचर चांगला आहे हं." देवानंदांना ते वाक्य इतकं आवडलं की त्यांनी कानामागे हात धरून ते पुन्हा म्हणायला लावलं.

कॅचर चांगला होताच. पिचरने फेकलेला चेंडू बॅटवाल्यासमोरच्या ठरलेल्या हद्दीच्या जरा बाहेर आला, तर प्रितम तो घेता घेता हात असा अलगद आत आणी की चेंडू मुळातच आत होता असं अंपायरला वाटे, आणि अंपायरचा हात वर जाई, म्हणजे चेंडू बॅटवाल्याच्या विरुद्ध मोजला जाई. पहिल्यांदा हे लक्षात आलं तेव्हा देवानंद अस्वस्थ झाले. मॅचनंतर त्यांनी कुंपणाशी त्याला गाठलं.

"हे काय करतोस? अंपायरला फसवतोस?"

"काका, दॅट्स नॉट चीटिंग. दॅट्स प्रेझेंटेशन."

देवानंदांनी सॉफ्टवेअरमध्ये आयुष्य काढलं होतं. त्यांनी वाद घातला नाही. पुढच्या मॅचला त्यांनी डोळे मिटून ऐकलं, तर प्रितमच्या जाड ग्लोव्हमध्ये चेंडू येतानाचा आवाज जवळजवळ नव्हता. पोरगा ठेवून घेत होता. बागांवरून तापलेला वारा आला, मैदानावर पाणी मारलेलं होतं, आणि देवानंद थोडा वेळ नागपूरला जाऊन आले.

प्रितमची बॅटिंग मात्र वेगळी होती. सुसाट चेंडू तो बरा मारी. पण पिचरने त्याच हाताने, त्याच चेहऱ्याने हळू चेंडू सोडला, की प्रितम त्याला आधीच भेटायला जाई. बॅट फिरून जाई, मग चेंडू येई. पहिल्या दिवशी हे दिसलं, तेव्हा देवानंदांनी प्रवासाचा थकवा धरला. मग डोळ्यांवर येणारं ऊन धरलं, मग खांद्याचं जुनं दुखणं, मग नवीन बॅट. टेस्टर म्हणून असली सबब त्यांनी एकाही प्रोग्रॅमरची चालवून घेतली नसती.

जुलैत एक दिवस ते लेनच्या शेजारी बसले. लेन हा दुसऱ्या एका क्लबचा म्हातारा स्काउट, म्हणजे खेळाडू हेरणारा. हातात स्टॉपवॉच, डोक्यावर कुठल्याच टीमची नसलेली टोपी. देवानंदांनी त्याला आपल्या डब्यातली मेथीची पुरी दिली. त्याने ती उलटसुलट करून बघितली आणि खाल्ली.

"पोराला बॅटिंग जमणार की नाही, हे कळायला किती दिवस लागतात?" देवानंदांनी विचारलं.

"पहिल्या दिवशी कळतं. कधी पहिल्या पाच-सहा चेंडूंत."

"मग तू इथे आठवडाभर का राहतोस?"

"मोटेलचं बुकिंग आठवड्याचं असतं," लेन म्हणाला, आणि दुसऱ्या पुरीकडे बघायला लागला.

परतताना देवानंदांनी गाडीतली गाणी लावली नाहीत. लेनचं म्हणणं त्यांना नवीन नव्हतं. त्यांना ते एप्रिलपासून माहीत होतं. पहिल्या मॅचच्या पहिल्या हळू चेंडूला दिसलं तेच जुलैत दिसत होतं, मधला सगळा उन्हाळा त्यांनी ते न बघण्यात घालवला होता. म्हणजे एका षटकात कळतं. म्हणजे मांडवात बशीतून चहा पिणाऱ्या त्या माणसालाही कळलं असेल.

हा विचार पवनचक्क्यांपर्यंत त्यांच्याबरोबर आला आणि तिथे थोडा वळला. कळलं असेलही. पण त्या माणसाने चेंडूंकडे बघून मान हलवली होती, की त्याआधीच, 'इंदोरा' ऐकून? मान हलली होती ती पहिला चेंडू पडायच्या आधी, एवढं त्यांना पक्कं आठवत होतं. बॅटिंग कच्ची होती हे खरं, आणि नाव वाचलं गेलं हेही खरं, असं दोन्ही असू शकतं. कशामुळे गेलो, हे आता सांगणारं कुणी उरलं नव्हतं. 'तू इथे कमी पडतोस' एवढं एक वाक्य त्या दिवशी कुणी तोंडावर म्हटलं असतं, तर पुढची सगळी वर्षं त्यांना वेगळ्या कामाला वापरता आली असती.

ऑगस्टच्या तिसऱ्या रविवारी दुपारची मॅच होती. क्रोजचा डॉमिनिकन रिपब्लिकहून आलेला एक कोवळा पिचर पार बिथरला होता. चेंडू कुठेही जात होते, लोक ओरडत होते. प्रितम मुखवटा वर करून त्याच्याकडे सावकाश चालत गेला, बसच्या प्रवासांत शिकलेल्या स्पॅनिशमध्ये काहीतरी बोलला, आणि पोरगा हसला. पुढचे तीन बॅटवाले आल्या पावली परत गेले. देवानंदांना वाटलं, आज सांगू नये. मग वाटलं, आजच सांगावं.

मॅचनंतर खेळाडूंना मुक्कामी नेणाऱ्या बसच्या सावलीत दोघं फुटपाथच्या कडेवर बसले. प्रितमने गुडघ्यांवर बर्फ बांधला होता.

"मी राकेशला उद्या सांगणार आहे," देवानंद म्हणाले. "पण आधी तुला सांगतो. तू वर जाणार नाहीस, बाळा."

प्रितम बर्फाच्या पिशवीची गाठ चाचपत राहिला. "आय नो, काका."

"तुला कुणी सांगितलं?"

"कोचने. जूनमध्ये. म्हणजे, सांगितलं असं नाही. ही सेड, यू आर अ ग्रेट किड." प्रितम हसला. "ग्रेट किड म्हणाले की समजायचं."

"मग माझा उन्हाळा कशाला वाया घालवलास?"

"का जाणार नाही, ते कुणीच सांगत नाही ना. तुम्ही सांगाल असं वाटलं."

मग देवानंदांनी सांगितलं. हळू चेंडू कसा सुटतो तेव्हा प्रितमचा पुढचा पाय आधीच जमिनीवर आलेला असतो, आणि एकदा आला की मग हात काही करू शकत नाहीत. हे कोचने बदलायचा प्रयत्न केला तो कुठल्या मॅचपासून दिसला, आणि पोरगा दमला की जुना पाय कसा परत येतो. चेंडू चोरून आत आणण्याची ती सुरेख कला आहे, पण वरच्या लीगमध्ये अंपायर चुकला की मशीनकडे दाद मागता येते, आणि मशीनला प्रेझेंटेशन कळत नाही. शेवटी त्यांनी हेही सांगितलं की त्यांनी पाहिलेल्या किपरांमध्ये, स्वतःला धरून, इतके हलके हात कुणाचे नव्हते. प्रितम मध्येमध्ये प्रश्न विचारत होता, एकदा उठून पाय टाकून दाखवत होता. बसच्या ड्रायव्हरने दोनदा हॉर्न दिला.

"थँक्स, काका," तो म्हणाला. "आता ओके आहे." तसं ते नव्हतं, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं; पण सीझनभर जे धूसर होतं त्याला आता कडा आल्या होत्या.

सोमवारी सुट्टी असते. प्रितम घरी आला, उपासनाने पाटवडीचा रस्सा केला, रत्नाबाई आणि देवानंद जेवायला गेले. पहिली वाढ झाल्यावर देवानंदांनी निकाल सांगितला, थोडक्यात, पण कारणांसकट.

राकेशने पानातला हात थांबवला. ज्या उत्तरासाठी तो वर्षभर भांडत होता ते त्याच्या ताटात येऊन पडलं होतं. त्या उत्तराकडे बघून तो म्हणाला, "एवढ्यावरून कसं ठरवता काका तुम्ही?"

"पूर्ण सीझन बघितला, राकेश."

"घरच्या मॅच बघितल्या. बाहेरच्या कुठे बघितल्या? आणि तुमचा गेम क्रिकेट. बेसबॉलमधलं तुम्हाला, सॉरी, पण किती कळतं?"

"बाबा, इट्स ओके," प्रितम म्हणाला. "मी जानेवारीत कॉलेजला जातोय. सकाळीच कळवून टाकलं."

"तू थांब जरा. मोठ्यांचं बोलणं चाललंय." राकेश पुन्हा देवानंदांकडे वळला. "अजून एक वर्ष दिलं तर? एक वर्षात कुणी सुधारत नाही का?"

"वर्षभर म्हणत होता, पोराले परत आणा," रत्नाबाई म्हणाल्या. "आता पोरगा स्वतःहून येतो म्हणते, तर ह्याचं पोट दुखते."

उपासना हसली आणि हसता हसता तिने पदर नसलेल्या खांद्याकडे हात नेऊन मग ओढणीने डोळे पुसले. प्रितमने आईला पाणी दिलं. राकेशने पानातला रस्सा संपवला, मग विचारलं, "शेवटची घरची मॅच कधी आहे?"

सप्टेंबरातल्या त्या रविवारी राकेश देवानंदांच्या गाडीत बसून अल्मेंड्राला आला. आतापर्यंत त्याने मुलाच्या मॅच बघितल्या होत्या त्या ऑफिसच्या मीटिंगमध्ये, फोन टेबलाखाली धरून, आवाज बंद करून. स्टेडियममध्ये आल्यावर त्याने प्रथम मोठा आवाज करून घेतला. अंपायरला मराठीत दोन गोष्टी सुनावल्या. गॉन-डेन असं ऐकू आलं तेव्हा उभा राहून दुरुस्ती केली. ती कुणाला ऐकू गेली नाही. दुसऱ्या डावात प्रितम बॅटिंगला आला, हळू चेंडूवर बॅट आधी फिरली, आणि तो डोकं हलवत परत गेला.

"ऊन येतंय डोळ्यांवर त्याच्या," राकेश म्हणाला.

ऊन प्रितमच्या पाठीमागे होतं. "फार ऊन आहे," देवानंद म्हणाले.

मग क्रोजची टीम मैदानात उतरली आणि प्रितम मुखवटा लावून उकिडवा बसला. पिचरने चेंडू सोडला, तो खाली जात होता, बाहेरच जात होता, आणि अंपायरचा हात वर गेला.

"हे काय झालं?" राकेशने विचारलं. "तो तर बाहेर होता ना?"

"बाहेर होता."

"मग काय केलं त्याने?"

देवानंदांनी सूर्यफुलाच्या बियांची पिशवी दोघांच्या मध्ये ठेवली. "चेंडूकडे बघू नको," ते म्हणाले. "हाताकडे बघ. चेंडू यायच्या आधीपासून."

राकेश सीटच्या कडेवर पुढे सरकून बसला, आणि पिचरने पुन्हा हात उचलला.